अमर डाव खेळणारे गणिताचे मास्तर

उन्हाळ्याची सुटी लागली, की जळगाव आणि धुळ्यातील बुद्धिबळाच्या वर्गांत मुलांची वर्दळ वाढते. खानदेशचे ऊन दुपारी कुणाला घराबाहेर खेळू देणारे नव्हे. पंख्याखाली पट मांडून बसण्याचा हा खेळ त्यामुळे पालकांनाही सोयीचा वाटतो. मोहऱ्यांच्या चाली, शह, मात आणि किल्लेकोट एवढे मुलांच्या अंगवळणी पडले, की शिकवणारे सर एखाद्या दिवशी भिंतीवरच्या मोठ्या पटावर एक जुना डाव लावतात. पांढरी मोहरी घेऊन खेळणारा गडी आधी उंट देतो, मग एक हत्ती, मग दुसरा हत्ती आणि अखेरीस वजीरही देऊन टाकतो. आता हा हरणार, असे मुलांना वाटत असतानाच पुढच्या चालीला काळ्या राजावर मात होते. बुद्धिबळाची गोडी अनेकांना लागते ती अशा एखाद्या डावामुळे.

हा डाव लंडनमध्ये २१ जून १८५१ रोजी खेळला गेला. तो खेळणारे अडॉल्फ अँडरसन हे व्यवसायाने शाळेतील गणिताचे शिक्षक होते. बुद्धिबळ हे त्यांच्या उपजीविकेचे साधन कधीच नव्हते. युरोपातील अव्वल खेळाडू म्हणून नाव झाल्यावरही ते आपल्या गावी परतले, पुन्हा फळ्यासमोर उभे राहिले आणि अखेरपर्यंत शिक्षकच राहिले.

आज संगणकाच्या कसोटीला लावले असता त्यांच्या गाजलेल्या डावांत अनेक उणिवा दिसतात. मग दीडशे वर्षांपूर्वीचे हे सदोष डाव आजच्या मुलांना का शिकवायचे, असा प्रश्न काही पालक विचारतात. त्याचे उत्तर डावांच्या नोंदीत शोधण्याइतकेच अँडरसन यांच्या आयुष्यातही शोधावे लागते.

एका पुस्तकावर झालेले शिक्षण

ज्या १८१८ साली पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांच्या अमलाखाली गेला, त्याच वर्षी ६ जुलै रोजी प्रशियाच्या राज्यातील ब्रेस्लाऊ या शहरात अँडरसन यांचा जन्म झाला. हे शहर आज पोलंडमध्ये असून त्याचे नाव व्रोत्स्वाफ असे आहे. घर मध्यमवर्गीय होते. वयाच्या नवव्या वर्षी वडिलांनी त्यांना मोहऱ्यांच्या चाली शिकवल्या. पण चाली कळणे वेगळे आणि खेळ कळणे वेगळे. खेळ कळायला त्यांना एक पुस्तक उपयोगी पडले.

फ्रान्सचे लाबूर्दोने आणि आयर्लंडचे मॅक्डोनेल यांच्यात १८३४ मध्ये लंडनला मोठी झुंज झाली होती. तीत एकूण ८५ डाव झाले. त्यांतील निवडक ५० डावांचे पुस्तक विल्यम लुइस यांनी १८३५ मध्ये प्रसिद्ध केले. ते पुस्तक तरुण अँडरसन यांच्या हाती आले. दोन बलाढ्य खेळाडूंचे डाव समोर ठेवून एकेक चाल मांडायची, ती का खेळली असेल याचा विचार करायचा आणि मगच पान उलटायचे, हेच त्यांचे शिक्षण. आपल्याकडे गवई घराण्याच्या बंदिशी आधी घोटून घेतात आणि मग स्वतःचे गाणे गाऊ लागतात, तशातलाच हा प्रकार. गाजलेल्या डावांवरून बुद्धिबळ शिकवण्याची जी पद्धत आज वर्गावर्गांतून दिसते, तिचा सर्वांत ठळक दाखला म्हणजे खुद्द अँडरसनच होत. पुढे ज्यांचे डाव जगभरातील मुलांनी घोटले, ते स्वतःही दुसऱ्यांचे डाव घोटूनच तयार झाले होते.

ब्रेस्लाऊच्या विद्यापीठात त्यांनी गणित आणि तत्त्वज्ञान या विषयांचा अभ्यास केला. १८४७ मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, ते तेथील फ्रीड्रिश माध्यमिक विद्यालयात शिक्षक म्हणून रुजू झाले आणि पुढे गणिताचे प्राध्यापक झाले. त्यांनी लग्न केले नाही. विधवा आई आणि अविवाहित बहीण यांचा भार त्यांच्यावर होता आणि तो त्यांनी तक्रार न करता वाहिला. सकाळी शाळा, दुपारी घर आणि उरलेल्या वेळात पट असे त्यांचे शिस्तीचे जीवन होते. पटावर वजिराचीही पर्वा न करणारा हा माणूस पटाबाहेर अतिशय सावध, साधा आणि मितभाषी होता.

नावलौकिकाची सुरुवातही स्पर्धेतून नव्हे, तर कूटप्रश्नांतून झाली. १८४२ मध्ये त्यांनी स्वतः रचलेल्या ६० कूटप्रश्नांचे छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. ठरावीक चालींत मात कशी करायची, हे त्या कूटांत शोधायचे असते. मोहऱ्यांचे बलिदान, अनपेक्षित शांत चाल आणि अखेरीस मोजक्या मोहऱ्यांनी केलेली मात हे सारे त्यांना प्रथम या कूटांत सुचले आणि मग ते प्रत्यक्ष डावांत उतरले. १८४६ मध्ये बर्लिनचे लुडविग ब्लेडो यांच्या निधनानंतर त्यांनी काढलेल्या बुद्धिबळाच्या जर्मन मासिकाच्या संपादनाची जबाबदारी अँडरसन यांच्याकडे आली. ती त्यांनी १८६५ पर्यंत सांभाळली.

लंडनची मोहीम

१८४८ मध्ये डॅनियल हार्विट्झ या नामवंत खेळाडूशी त्यांची लढत ५-५ अशी बरोबरीत सुटली. या कामगिरीमुळे तीन वर्षांनी एक मोठी संधी चालून आली. १८५१ मध्ये लंडन येथे जगातील पहिले मोठे औद्योगिक प्रदर्शन भरणार होते. जगभरातून लोक येणार, तेव्हा त्याच सुमारास नामवंत बुद्धिबळपटूंनाही एकत्र आणावे, अशी कल्पना इंग्लंडचे अग्रगण्य खेळाडू हॉवर्ड स्टॉन्टन यांनी मांडली. बुद्धिबळाची ही पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा. जर्मनांच्या वतीने अँडरसन यांना निमंत्रण आले.

शाळामास्तरांच्या पगारात लंडनचा प्रवास बसेना. त्यांनी नकाराची तयारी केली होती. बक्षीस मिळाले नाही, तर प्रवासखर्च आपण पदरचा देऊ, असे आश्वासन स्टॉन्टन यांनी दिले, तेव्हा कुठे ते निघाले. स्टॉन्टन यांच्यावर ही वेळ आली नाही. सोळा खेळाडूंच्या त्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत अँडरसन यांनी प्रथम किझेरित्स्की यांना, मग हंगेरीचे सेन यांना, उपांत्य फेरीत खुद्द स्टॉन्टन यांना ४-१ असे आणि अंतिम फेरीत इंग्लंडचेच वाइव्हिल यांना हरवले. पहिले बक्षीस १८३ पौंडांचे होते. ज्यांनी प्रवासखर्चाची हमी घेतली, त्यांनाच पाहुण्याकडून हार पत्करावी लागली. युरोपातील सर्वश्रेष्ठ खेळाडू म्हणून आता ब्रेस्लाऊच्या या अपरिचित शिक्षकाचे नाव घेतले जाऊ लागले.

वजीर, दोन्ही हत्ती आणि एक उंट

जो डाव ‘अमर डाव’ म्हणून इतिहासात नोंदला गेला, तो मात्र स्पर्धेतील नव्हेच. लंडनच्या स्ट्रँड भागात सिम्प्सन्स डिव्हान नावाचे उपाहारगृह होते. बुद्धिबळपटूंचा तो अड्डाच. तेथे अँडरसन आणि लिओनेल किझेरित्स्की यांनी सहज एक मैत्रीपूर्ण डाव मांडला. योगायोग असा, की किझेरित्स्की हेही मूळचे गणिताचेच शिक्षक. पुढे ते पॅरिसला गेले आणि तेथील कॅफेत बुद्धिबळ शिकवून चरितार्थ चालवू लागले. गणिताच्या दोन मास्तरांमधील हा डाव अवघ्या तेवीस चालींत संपला.

अँडरसन यांनी राजाचे गँबिट निवडले, म्हणजे दुसऱ्याच चालीला राजाच्या उंटापुढील प्यादे देऊ केले. त्या काळी असा देकार स्वीकारणे हा खेळाडूच्या इभ्रतीचा प्रश्न मानला जाई. किझेरित्स्की यांनी तो स्वीकारला आणि लगेच वजीर बाहेर काढून शह दिला. येथूनच दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. पुढे काळ्याच्या बावीस चालींपैकी आठ चाली एकट्या वजिराने केल्या. तो पटभर हिंडला आणि त्याने दोन्ही हत्ती मारण्याच्या कामी हातभार लावला, पण त्याचे सोबती घरीच बसून राहिले. अखेरच्या स्थितीत काळ्याचे दोन्ही हत्ती आणि वजिराकडील उंट आपापल्या मूळ घरांवरून हललेही नव्हते.

पांढऱ्याने उलट केले. अकराव्या चालीला अँडरसन यांनी एक उंट मरू दिला आणि त्याच्या बदल्यात प्याद्यांच्या रेट्याने काळ्या वजिराला पळायला लावले. त्या पळापळीत मिळालेल्या प्रत्येक चालीला पांढऱ्याचे एकेक मोहरे पटाच्या मध्यावर आले. मग अठराव्या चालीला दोन्ही हत्ती वाऱ्यावर सोडून एक उंट काळ्याच्या गोटात, डी६ या घरावर, जाऊन बसला. बाविसाव्या चालीला वजिराने एफ६ वर शह दिला. त्याला मारण्यासाठी काळ्याचा घोडा तेथे आला आणि ई७ या घरावरचा त्याचा पहारा सुटला. तेविसाव्या चालीला उंट त्याच घरावर आला आणि मात झाली. उरलेले दोन घोडे आणि एक उंट एवढ्यांनी काळ्याचे अख्खे सैन्य उभे असताना त्याच्या राजाला कोंडले. हिशेब मांडला तर पांढऱ्याने वजीर, दोन हत्ती व एक उंट गमावला आणि काळ्याची मारली ती फक्त तीन प्यादी.

या डावाबद्दल किझेरित्स्की यांचेही कौतुक करायला हवे. ते पॅरिसमधून एक बुद्धिबळ मासिक चालवीत. हरलेला हा डाव त्यांनी दडवला नाही. जुलै १८५१ च्या अंकात त्यांनी तो स्वतःच छापला. दोनच वर्षांनी त्यांचे निधन झाले. स्वतःचा पराभव त्यांनी जगापुढे ठेवला नसता, तर हा डाव कदाचित त्या उपाहारगृहाच्या टेबलावरच संपला असता. १८५५ मध्ये व्हिएन्नाचे खेळाडू अर्न्स्ट फाल्कबीर यांनी त्याला ‘अमर डाव’ हे नाव दिले आणि ते कायमचे चिकटले.

शांत चालीचे सामर्थ्य

पुढच्याच वर्षी, १८५२ मध्ये, बर्लिनला अँडरसन यांनी ज्याँ डुफ्रेन यांच्याविरुद्ध आणखी एक मैत्रीपूर्ण डाव खेळला. त्याला आज ‘सदाहरित डाव’ म्हणतात. त्यात त्यांनी एव्हान्स गँबिट खेळले होते. वेल्समधील एका जहाजाच्या कप्तानाने शोधलेली ही सुरुवात आहे. प्यादे देऊन वेळ मिळवायचा, हे तिचे सूत्र.

या डावातही अखेरीस वजिराचे बलिदान आहे आणि दोन उंटांच्या साहाय्याने चोविसाव्या चालीला मात आहे. पण जाणते शिक्षक मुलांना वजिराच्या बलिदानाआधी एकोणिसाव्या चालीवर थांबवतात. त्या वेळी डुफ्रेन यांचा वजीर आणि हत्ती पांढऱ्या राजावर नेम धरून होते. कोणीही बचावाची चाल शोधली असती. अँडरसन यांनी कोपऱ्यातला हत्ती उचलून वजिराच्या स्तंभात आणून ठेवला. ना शह, ना मारामारी. घरी राहिलेले शेवटचे मोहरे त्यांनी लढाईत आणले, इतकेच. पुढचे बलिदान शक्य झाले ते या चालीमुळे. ही चाल खरोखरच सर्वोत्तम होती का, यावर पुढच्या पिढ्यांतील विश्लेषकांनी भरपूर शाई खर्च केली. मुलांसाठी त्यातला धडा साधा आहे. हल्ला म्हणजे एकट्या वजिराची धावपळ नव्हे, कोपऱ्यातल्या मोहऱ्यालाही त्यात काम मिळायला हवे.

या डावातील पराभूत डुफ्रेन यांनी पुढे, १८८१ मध्ये, बुद्धिबळाचे एक छोटे पाठ्यपुस्तक लिहिले. जर्मनीतील कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या.

सुटीतील पराभव

१८५७ मध्ये अमेरिकेत पॉल मॉर्फी नावाचा तारा उगवला. पुढच्या वर्षी तो युरोपात आला आणि एकामागून एक खेळाडूंना हरवत सुटला. अँडरसन यांच्याशी त्याची गाठ पडणे अटळ होते. पण अँडरसन यांना शाळा सोडून कसे जाता येणार? अखेर नाताळच्या सुटीचा मुहूर्त ठरला. डिसेंबर १८५८ मध्ये चाळीस वर्षांचे हे मास्तर पॅरिसला पोहोचले. मॉर्फी एकवीस वर्षांचे होते आणि आजारपणाने अशक्त झाले होते. सामना त्यांच्या हॉटेलातच झाला.

पहिला डाव अँडरसन यांनी जिंकला, पण पुढे सारे फिरले. अकरा डावांत मॉर्फी यांनी सात जिंकले, अँडरसन यांना दोनच जिंकता आले आणि दोन बरोबरीत सुटले. सर्वांत बोलका आहे तो नववा डाव. अवघ्या सतरा चालींत मॉर्फी यांनी तो संपवला. त्या डावात काळी मोहरी घेऊन खेळणाऱ्या अँडरसन यांनी सातव्या आणि आठव्या चालीला उंटापुढचे प्यादे पुढे दामटले. तोवर त्यांचा एकच घोडा घराबाहेर आला होता. सात वर्षांपूर्वी किझेरित्स्की यांच्या ज्या चुकीची त्यांनी पुरेपूर शिक्षा दिली होती, तीच चूक आता त्यांच्याच हातून झाली. मोहरी बाहेर काढण्याआधीच हल्ल्याची घाई झाली आणि त्याची किंमत मोजावी लागली.

मॉर्फी यांची श्रेष्ठता अँडरसन यांनी मोकळेपणाने मान्य केली आणि ते ब्रेस्लाऊला परतले. सुटी संपली होती.

विशेष म्हणजे याच सामन्यात त्यांनी एक विक्षिप्त वाटणारी सुरुवात तीनदा वापरून पाहिली. पांढऱ्याने पहिल्याच चालीला कडेचे हत्तीपुढील प्यादे एक घर सरकवायचे. पहिल्या दोन प्रयत्नांत एक हार आणि एक बरोबरी पदरी आली. तिसऱ्या खेपेस ते जिंकले. ही सुरुवात आज त्यांच्या नावाने ओळखली जाते.

दुसरी उमेद

इतक्या मोठ्या हारीनंतर अनेकांनी खेळ सोडला असता. मॉर्फी यांनी मात्र जिंकूनही काही काळाने स्पर्धात्मक बुद्धिबळ सोडले आणि हरलेले मास्तर खेळत राहिले. १८६२ मध्ये लंडनला पुन्हा आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. या वेळी प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचे, अशी साखळी पद्धत होती. चौदा खेळाडूंमध्ये अँडरसन यांनी तेरापैकी बारा डाव जिंकून पहिला क्रमांक मिळवला. १८६५ मध्ये ब्रेस्लाऊच्या विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली.

१८६६ मध्ये त्यांच्यापुढे विल्हेल्म स्टाइनिट्झ उभे ठाकले. लंडनमधील त्या सामन्यात चौदा डाव झाले आणि एकही बरोबरीत सुटला नाही. स्टाइनिट्झ ८-६ असे जिंकले. तेव्हा तेही अँडरसन यांच्यासारखेच आक्रमक खेळत. पुढे त्यांनी बचावाचे आणि हळूहळू साचत जाणाऱ्या लहान लहान लाभांचे शास्त्र मांडले. योग्य तयारीशिवाय केलेला हल्ला बचाव करणाऱ्याने परतवलाच पाहिजे, हा त्याचा गाभा. एका अर्थाने अँडरसन यांच्या डावांना दिलेले ते शास्त्रशुद्ध उत्तर होते.

तरीही मास्तरांनी पट गुंडाळला नाही. १८७० मध्ये बाडेन-बाडेन येथे त्या काळातील अत्यंत तगडी स्पर्धा झाली. ती सुरू असतानाच फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि एका खेळाडूला सैन्यातील बोलावण्यामुळे स्पर्धा अर्धवट सोडावी लागली. बावन्न वर्षांच्या अँडरसन यांनी तेथे स्टाइनिट्झ यांना मागे टाकून पहिला क्रमांक पटकावला. हरवणाऱ्याला चार वर्षांनी मागे टाकण्याची ही जिद्द त्यांच्या कोणत्याही वजीर-बलिदानाइतकीच शिकण्यासारखी आहे.

गुरूला हरवणारा शिष्य

शाळेबाहेरही त्यांचे शिकवणे सुरूच होते. ब्रेस्लाऊला शिकायला आलेले योहान्स झुकेरटॉर्ट हे त्यांचे सर्वांत नामांकित शिष्य. गुरुशिष्यांत असंख्य डाव झाले. प्रारंभी गुरू जिंकत, पुढे अंतर कमी होत गेले आणि १८७१ च्या सामन्यात शिष्याने गुरूला ५-२ असे हरवले. त्याच झुकेरटॉर्ट यांनी १८८३ ची लंडनची मोठी स्पर्धा जिंकली आणि १८८६ मध्ये पहिल्या अधिकृत जगज्जेतेपदाच्या सामन्यात ते स्टाइनिट्झ यांच्यासमोर बसले. झुकेरटॉर्ट तो सामना हरले, तरी अँडरसन यांच्या शिकवणीची वाट थेट जगज्जेतेपदाच्या पटापर्यंत पोहोचली होती.

१८७७ मध्ये जर्मन बुद्धिबळप्रेमींनी लायप्झिगला एक अनोखा सोहळा केला. नऊ वर्षांच्या मुलाला वडिलांनी मोहऱ्यांच्या चाली शिकवल्या, त्याला पन्नास वर्षे झाली म्हणून त्यांनी एक स्पर्धा भरवली. उत्सवमूर्ती स्वतः स्पर्धेत उतरले आणि दुसरे आले. त्याच प्रसंगी जर्मन बुद्धिबळ महासंघाची स्थापना झाली. पुढच्या वर्षी साठीतील अँडरसन पॅरिसच्या स्पर्धेतही खेळले आणि सहावे आले. ती त्यांची शेवटची मोठी स्पर्धा. १३ मार्च १८७९ रोजी ब्रेस्लाऊ येथे त्यांचे निधन झाले. ज्या मासिकाची धुरा त्यांनी एकेकाळी वाहिली, त्याने एकोणीस पानांचा मृत्युलेख छापला. बर्लिनच्या डावाला ‘सदाहरित’ हे विशेषण त्याच वर्षी स्टाइनिट्झ यांनी श्रद्धांजली म्हणून दिले. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रेस्लाऊ पोलंडकडे गेले, शहराचे नाव आणि लोक बदलले. तरीही १९५७ मध्ये अँडरसन यांचे अवशेष त्याच शहरातील ओसोबोविचे दफनभूमीत सन्मानाने हलवण्यात आले.

आपल्या पटावर

आपल्याकडे या डावांचा प्रवेश तसा उशिराचा. बुद्धिबळ आपलेच, पण आपले नियम निराळे होते. प्रांताप्रांतांत फरक असला, तरी देशी खेळात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर चाले. किल्लेकोट नव्हता. राजाला एकदा घोड्याप्रमाणे उडी घेण्याची मुभा असे. प्यादे एकेक घर सरकणार, म्हणजे डाव उघडायला वेळ लागणार. दुसऱ्याच चालीला प्यादे देऊन हल्ला चढवण्याचे राजाचे गँबिट अशा खेळात संभवतच नव्हते. युरोपीय पद्धतीची ओळख मात्र लवकर झाली. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथाचा युरोपीय पद्धतीला जुळवून घेतलेला इंग्रजी अनुवाद १८१४ मध्येच मुंबईत प्रसिद्ध झाला होता. तेव्हा अँडरसन जन्मलेही नव्हते. तरीही देशी नियम दीर्घकाळ टिकले. पंजाबातील मीर सुलतान खान देशी पद्धतीत वाढले आणि नवे नियम शिकल्यावर अवघ्या काही वर्षांत, १९२९ मध्ये, ब्रिटिश विजेते झाले. १९५५ मध्ये पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली. तिच्या संयुक्त विजेत्यांत रामचंद्र सप्रे हे महाराष्ट्राचे खेळाडू होते.

त्यानंतर महाराष्ट्राने मोठी मजल मारली. १९९७ मध्ये प्रवीण ठिपसे ग्रँडमास्टर झाले. खानदेशाला लागून असलेल्या नाशिकच्या विदित गुजराथी यांनी २०१३ मध्ये हा किताब मिळवला. २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी महिलांचा विश्वचषक जिंकला. जळगावातही राष्ट्रीय पातळीच्या स्पर्धा झाल्या आहेत. मुलांपुढे आता आपल्याच मातीतले आदर्श आहेत. सरावाला संगणक आहे, मोबाइलवर रात्रंदिवस प्रतिस्पर्धी आहेत.

मग जुन्या डावांचे काय? संगणक सांगतो, की अमर डावात अठराव्या चालीला पांढऱ्यापाशी याहून सरस चाली होत्या. काळ्यालाही त्या चालीवर वाचण्याची वाट होती, हे तर संगणकाच्या कितीतरी आधी स्टाइनिट्झ यांनीच दाखवून दिले. शिकवणाऱ्याने हे मुलांपासून लपवू नये. नाहीतर मुले वर्गातून घरी जातात ती वजीर देण्याची हौस घेऊन आणि पुढच्या स्पर्धेत पहिल्या दहा चालींतच हात पोळून परततात. डावातील दिपवणारा भाग तेवढा दाखवला, की असे होते. मोहरी बाहेर काढण्याची आधीची संथ तयारी दाखवली, काळ्या वजिराच्या आठ चाली मुलांकडूनच मोजून घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी मॉर्फी यांनी सतरा चालींत अँडरसन यांना कसे हरवले तेही पटावर मांडले, तर मुलांना हल्ल्याचा धीर आणि हल्ल्याची शिस्त या दोन्ही गोष्टी एकदम मिळतात. जिंकलेल्या डावाशेजारी हरलेला डाव ठेवला, की चूक कोणाच्याही हातून होते आणि ती सुधारताही येते, हे मुलांना न सांगता कळते.

स्पर्धेच्या सभागृहाबाहेर ताटकळणाऱ्या पालकांनाही हे चरित्र काही सांगते. पोराचे मानांकन किती वाढले, याच्या काळजीत अनेकांचा दिवस जातो. अँडरसन यांनी नोकरी सोडली नाही, घरची जबाबदारी टाळली नाही, मिळेल त्या सुटीत खेळले आणि तरीही आपल्या काळातील सर्वश्रेष्ठांत गणले गेले. मोठ्या पराभवांनंतर ते पुन्हा पटावर बसले आणि शिष्याने हरवले तेव्हा त्याच्या यशात त्यांची शिकवण जिवंत राहिली. मुलगा ग्रँडमास्टर झाला नाही, तरी एवढे जरी या खेळातून त्याच्या गाठी पडले, तरी उन्हाळ्याच्या सुटीचे सार्थक झाले म्हणायचे.

ब्रेस्लाऊतील त्या शाळेत अँडरसन यांनी शिकवलेली गणिते आज कुणाच्या स्मरणात नाहीत. जळगाव-धुळ्याच्या वर्गात मात्र येत्या सुटीतही कोणीतरी सर भिंतीवरच्या पटावर पांढरा वजीर उचलून एफ६ वर ठेवतील आणि मागच्या रांगेतले एखादे पोर न राहवून उठून उभे राहील.